सांडव्याचं जेवण

फार पूर्वी एका गावाच्या डोक्यावर एक धरण होतं. धरण म्हणजे काही मोठं नव्हे. दोन टेकड्यांच्या मध्ये तांबडी माती दाबून, वर दगडांचा थर देऊन घातलेला आडवा बांध, आणि त्यामागे अडलेलं ओढ्याचं पाणी. एका टोकाला सांडवा होता, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. पण एवढ्याशा धरणावर गावाची सगळी ऐट चालायची. आसपासच्या गावांत चैत्र लागला की पाण्यावरून भांडणं जुंपायची. इथं मात्र मळ्यात कांद्याची पात हिरवीगार असायची.

ज्या राजानं हे धरण बांधवून घेतलं, त्यानं गावाला दोन अटी घातल्या होत्या. पहिली अशी, की धरणाच्या राखणदारानं आपलं घर धरणाच्या अगदी पायथ्याशी बांधायचं आणि बायकामुलांसकट तिथंच राहायचं. दुसरी अट जरा विचित्र होती. दरवर्षी धरण भरून सांडवा वाहू लागला, की पाटील आणि पंचांनी राखणदाराच्या घरी जेवायला जायचं. पाहुणे यायचे म्हणून घर सारवतात, पण त्या दिवशी तिथली जमीन सारवायची नाही. पाट, घोंगडी, चटई, काही म्हणजे काही अंथरायचं नाही. उघड्या जमिनीवर मांडी घालून बसायचं. पानं वाढून झाली की राखणदारानं विचारायचं, "बसायला कोरडं हाय न्हवं?" मग प्रत्येकानं उजवा तळहात जमिनीला टेकवून सांगायचं, "कोरडं हाय." त्यानंतरच पहिला घास.

राजा कधीच गेला. त्याच्या गादीवर त्याचा मुलगा बसला, मग नातू बसला. गावात मात्र सांडव्याचं जेवण चुकलं नाही. ते कशासाठी, हे विचारायचं कुणाच्या मनात येईना. असेल धरणाच्या देवीचा काही नेम, असं लोक म्हणायचे. फार वर्षांपूर्वी एकदा एका पंचाचा तळहात ओला झाला होता, आणि वाढलेली पानं तशीच टाकून सगळे फावडी घेऊन धरणावर धावले होते, अशी एक हकीकत म्हातारी माणसं सांगायची. पण ऐकणाऱ्यांचं लक्ष तोवर गव्हाच्या खिरीकडे गेलेलं असायचं.

आमच्या गोष्टीतला राखणदार भला माणूस होता. बापामागून हे काम त्याच्याकडे आलं होतं. सकाळी उठून तो अनवाणीच घराबाहेर पडायचा. घरामागे, धरणाच्या पायथ्याशी, बारीक करंगळीएवढा एक झरा पाझरत असायचा. तो ओंजळीत पाणी घ्यायचा आणि उजेडात धरून बघायचा. बापानं त्याला शिकवलं होतं की मातीचं धरण थोडं पाझरणारच, त्याला घाबरायचं नाही. पाणी स्वच्छ आहे तोवर चिंता नाही. पण ते लाल आलं, तर समजायचं की धरणाच्या पोटातली माती वाहून चालली. कारण पायथ्याची जमीन होती काळी, आणि धरणात घातलेली माती होती टेकडीवरची, तांबडी. त्यानं वर्षानुवर्षं ओंजळ भरून पाहिली. पाणी नेहमी स्वच्छ असायचं.

धरणाला त्रास नव्हता, त्रास होता राखणदाराच्या लेकीला. पायथ्याच्या घरात बारा महिने गारवा, भिंतींना ओल. पोरीला खोकला जडला तो हटेना. खोकून खोकून ती निळी पडायची, आणि तिची आई तिला छातीशी धरून बसायची. अडुळशाचा काढा झाला, आल्याचा रस झाला, देवीला साडीचोळी झाली. वैद्य म्हणाला, "औषधाचा उपयोग न्हाई. घर बदला."

राखणदाराला ते बोलायचा धीर होईना. शेवटी त्याची बायकोच पाटलांच्या दारात गेली आणि पदर पसरून म्हणाली, "पाटील, माझी एकच लेक हाय. त्या घरात ती जगायची न्हाई."

पाटील मऊ मनाचे होते. त्यांनी पंचांना बोलावलं. "नेम हाय खरा," ते म्हणाले, "पर लेकराच्या जिवापरीस नेम मोठा हाय का?"

पंचांनीही माना डोलावल्या. गोष्टीत एखादा दुष्ट माणूस असला की बरं पडतं, राग कुणावर काढायचा ते कळतं. इथं तसा कुणी नव्हता. सगळ्यांनी मिळून टेकडीवर राखणदाराला घर बांधून दिलं. चांगला दगडी चौथरा, पुढं ओसरी, दिवसभर खेळतं वारं. एका हिवाळ्यात पोरीचा खोकला गेला. तिचे गाल वर आले, ती टेकडीवरून पळत खाली-वर करू लागली. राखणदाराला वाटलं, जन्माचं सुख मिळालं. वाटणारच. बापाला दुसरं काय हवं असतं?

पायथ्याचं घर रिकामं पडलं. ते गावानं मथुराक्काला दिलं. या गोष्टीतल्या बाकी कुणाचं नाव लोकांच्या लक्षात राहिलेलं नाही, हिचं तेवढं राहिलं आहे, का ते पुढं कळेलच. मथुराक्का कुंभारीण, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चार शेळ्या आणि एक चाक एवढाच तिचा संसार. तिचं स्वतःचं खोपट पावसात बसलं होतं. ती म्हणाली, "मला वल चालंल. माझी माती तरी वाळणार न्हाई." लोक हसले. एकाच घरात दोन पुण्यं पदरात पडली म्हणून गाव स्वतःवर खूश झालं.

राखणदाराचं घर वर गेलं, तसं सांडव्याचं जेवणही वर गेलं. तिथं ओसरी ऐसपैस, वारा गार, समोर भरलेलं धरण. राखणदाराची बायको ओसरी सारवून रांगोळी काढायची. दगडी चौथऱ्यावर अंग गारठतं म्हणून पाट आले. पाट आले, तसा जमिनीला हात टेकवणं अवघड झालं, म्हणून लोक पाटालाच हात लावू लागले. प्रश्न मात्र तोच राहिला. राखणदार विचारायचा, "बसायला कोरडं हाय न्हवं?" आणि सगळे हसत हसत ओरडायचे, "कोरडं हाय!" पोरं तर तेवढ्यासाठीच जमायची.

राखणदारही हळूहळू बदलला. पहिल्या वर्षी तो रोज पायथ्याशी उतरायचा. मग दोन-चार दिवसांनी. मग वाटेला बाभळीचे काटे फार झालेत, वरूनच दिसतंय की सगळं, असं त्याला वाटू लागलं. वरून धरण खरंच छान दिसायचं, दगड न् दगड दिसायचा. फक्त घरामागचा तो करंगळीएवढा झरा वरून दिसत नव्हता.

मथुराक्का एकदा मडकी विकायला वर आली तेव्हा म्हणाली, "दादा, भिताडाला वल लई चढलीया औंदा."

राखणदार म्हणाला, "अक्का, त्या घराला वल काय नवी हाय? म्हणून तर आम्ही ते सोडलं."

बोलणं खरंच होतं. गावानं फुकट दिलेल्या घरात राहायचं आणि वर कुरकुर करायची, हे मथुराक्कालाच बरं वाटलं नाही. नंतर एकदा तिनं सांगितलं की घरामागचं पाणी आता करंगळीएवढं राहिलं नाही, मनगटाएवढं झालं आहे. राखणदार म्हणाला, "येतो बघायला." तो खरंच जाणार होता. पण त्या आठवड्यात लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि ते राहून गेलं.

त्या वर्षी धरण लवकर भरलं. सांडवा वाहू लागला आणि जेवणाचा दिवस ठरला. ओसरीवर पानं मांडली. गव्हाची खीर, भोपळ्याची भाजी, आमटी, गरम भाकरी. राखणदाराची लेक गुळासारख्या गोड चेहऱ्यानं सगळ्यांना तूप वाढत होती. पाटलांनी तिच्याकडे पाहून म्हटलं, "बघा, हिला त्या खालच्या घरात ठेवली असती तर!" राखणदाराचे डोळे भरून आले. त्यानं विचारलं, "बसायला कोरडं हाय न्हवं?"

"कोरडं हाय!" सगळे ओरडले.

"माझ्या घरात वलं हाय," ओसरीच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मथुराक्का उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत एक छोटं मडकं. तिला पाहून एक पंच हसला. मग सगळेच हसले, कारण उत्तर मोठं वेळेवर आलं होतं.

"ये अक्का, बस की जेवायला," पाटील म्हणाले.

"जेवायला न्हाई आले जी. माझी चूल इझली."

"चूल इझली तर इझली. आज चुलीचं काय काम? इथं बख्खळ शिजलंय."

"तसं न्हवं पाटील. चुलीतनं पानी वर आलंय."

पुन्हा हशा झाला. मथुराक्का हसली नाही. पंगत ओलांडून ती थेट राखणदारासमोर आली आणि तिनं मडकं त्याच्या पानाशेजारी ठेवलं. "हे घरामागचं पानी हाय. तुमी बघा."

राखणदारानं आत पाहिलं. पाणी लाल होतं. त्यानं बोट बुडवलं आणि दोन बोटांत चोळून पाहिलं. बोटांना बारीक रवाळ माती लागली. तांबडी, टेकडीवरची.

त्याला कळलं. ही गोष्ट सांगताना लोक इथं थांबतात, आणि पोरं विचारतात की मग तो उठला का नाही? उठायलाच हवं होतं. पाटलांचा हात धरून सांगायला हवं होतं की धरणाखालची आळी आत्ताच्या आत्ता रिकामी करा, सांडवा खोदून मोकळा करा. पण उठला असता तर पंचांनी पहिला प्रश्न विचारला असता की तू खाली गेला होतास कधी? आणि दुसरा प्रश्न कुणी विचारला नसता तरी त्याला ऐकू आला असता. राखणदार वर राहतो म्हणूनच असं झालं ना? मग त्याला परत खाली जावं लागलं असतं, त्या ओल्या भिंतींत. त्यानं मान वर केली तेव्हा लेक तुपाची वाटी घेऊन समोर उभी होती. गाल लाल, श्वास मोकळा.

तो म्हणाला, "पावसाचं पानी असंल अक्का. जेवणं आटपू दे. आटपली की येतोच."

आपण खोटं बोललो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. मथुराक्का त्याच्याकडे पाहत राहिली.

"या मग," ती म्हणाली. "बिगीनं या."

राखणदाराच्या बायकोला तिची दया आली. तिनं फडक्यात चार भाकरी बांधल्या, द्रोणात भाजी घातली आणि तिच्या हातात दिली. "चूल इझलीय न्हवं तुझी. हे ने घरला." मथुराक्कानं ते घेतलं आणि ती झपाझप उतरून गेली.

पाटलांनी पहिला घास घेतला. राखणदारानंही घेतला. पाटलांनी आग्रह करून त्याच्या पानात आणखी खीर वाढायला लावली. तो नको म्हणाला नाही.

मथुराक्का घरी गेली नव्हती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण राखणदाराचा चेहरा तिनं पाहिला होता. खालच्या आळीत ती दारोदार हिंडली. "पोरं घ्या आन् वर पळा," ती ओरडत होती. "धरण बरं दिसत न्हाई."

लोक दारात आले. त्यांनी विचारलं, "राखणदार काय म्हनला?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तिनं खरं सांगितलं, "येतो म्हनला. जेवून येतो."

मग काही घरांनी पोरं काखोटीला मारली आणि ती टेकडीकडे धावली. काही घरं म्हणाली की राखणदार निवांत जेवतोय तर एवढी घाई कशाला, तो आला की बघू. ती घरं थांबली. मथुराक्कानं शेवटच्या घरापर्यंत हाका मारल्या आणि मग ती आपल्या शेळ्या सोडायला पायथ्याकडे गेली.

दगडांनी भरलेली गाडी कुणीतरी उलटी करावी तसा आवाज झाला. पंगत उठली, लोक खरकट्या हातांनी ओसरीच्या कडेला धावले. वरून सगळं दिसतं, असं राखणदार म्हणायचा. सगळं दिसलंच. धरणाचा मधला भाग दमलेल्या बैलासारखा खाली बसला, आणि त्या जागेतून लाल पाणी उठलं. आधी पायथ्याचं घर दिसेनासं झालं. मग खालची आळी. मग मळे, मोटेच्या विहिरी, स्मशानातलं छप्पर, सगळं एका रंगाचं झालं.

टेकडीवर धावलेली घरं वाचली. राखणदाराची वाट पाहत थांबलेली वाचली नाहीत. पाणी ओसरल्यावर मथुराक्का ओढ्याच्या खाली फार लांब सापडली. शेळ्यांची दावी तिच्या मनगटाला गुंडाळलेली होती. भाकरीचं फडकंही तिच्या कमरेला तसंच होतं, गाठ न सोडलेलं. ते राखणदाराच्या बायकोनं ओळखलं आणि ती तिथंच चिखलात बसली.

पुढं गावात जे बोललं गेलं ते कुठल्याही गावात बोललं जातं. पाऊस फार झाला. घुशींनी बिळं केली. देवीचा कोप झाला. राजाचा कारभारी चौकशीला आला तेव्हा त्यालाही हेच सांगण्यात आलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "राखणदार कोण?"

राखणदार पुढं झाला.

"घर कुठं आहे तुझं?"

त्यानं टेकडीकडे बोट दाखवलं. कारभाऱ्यानं घराकडे पाहिलं, मग पायथ्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"सांडव्याचं जेवण या वर्षी झालं होतं?"

"झालं होतं," पाटील घाईनं म्हणाले. "कधीच चुकवलं न्हाई आम्ही."

"कोरडं होतं?"

पाटलांनी पंचांकडे पाहिलं. मग राखणदार म्हणाला, "साहेब, पानी लाल होतं. तिनं मला आणून दाखवलं. मला कळलं होतं." त्यानं हात जोडले. "मला तवाच कळलं होतं, तरी मी जेवत बसलो."

पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. "त्याला वर आम्हीच नेला," ते म्हणाले. "जी काय शिक्षा असंल ती आम्हा सगळ्यांना करा."

कारभारी उठला. "शिक्षा होऊन गेली," तो म्हणाला. "ज्यांना झाली त्यांचा गुन्हा नव्हता, एवढंच." घोड्यावर बसून तो निघून गेला.

पुढचे उन्हाळे गावानं कोरडे काढले. ज्या गावांना ते हसायचे, त्यांच्याच विहिरींवर घागरी घेऊन गेले आणि बोलणी खाऊन आले. मग सगळ्यांनी मिळून, पाटलांनीही डोक्यावर पाटी घेऊन, धरण पुन्हा बांधलं. पायथ्याशी घरही बांधलं. त्या घरात राहायला मात्र कुणी तयार होईना.

राखणदार आपलं अंथरूण गुंडाळून एकटाच निघाला. "तुमी दोघी वरच ऱ्हावा," तो बायकोला म्हणाला. "पोरीला ती हवा सोसायची न्हाई."

बायकोनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि विस्तव विझवला. "आम्ही वर ऱ्हायलो तर तुमचं ध्यान वरच ऱ्हाईल," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तिला भाकरी दिली आन् घरला धाडली. माझ्या हातानं धाडली मी तिला." तिनं पोरीचा हात धरला आणि ती पुढं चालू लागली.

लेकीचं ठरलेलं लग्न धरण फुटलं त्याच साली मोडलं होतं. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. पहिल्याच थंडीत तिचा खोकला परत आला. खोकल्यानं बापाला झोप लागायची नाही, मग तो उजाडण्याची वाट पाहत पडून राहायचा आणि तांबडं फुटताच ओंजळ घेऊन झऱ्याकडे जायचा. पाणी स्वच्छ असायचं. तो ते दोनदा पाहायचा, कधी तीनदा.

धरण भरलं, सांडवा वाहू लागला. पाटील आणि पंच पायथ्याच्या घरी जेवायला आले. जमीन सारवलेली नव्हती. पाट नव्हते. चुलीजवळ एक जास्तीचं पान मांडलेलं होतं. ते कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. आजही त्या गावात त्याला मथुराक्काचं पान म्हणतात.

वाढून झालं. राखणदार उभा राहिला. त्यानं विचारलं, "बसायला कोरडं हाय न्हवं?"

कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी तळहात जमिनीवर टेकवले आणि तसेच दाबून धरले. पाटलांनी हात उचलून उजेडात पाहिला आणि पुन्हा टेकवला. आतल्या खोलीत पोर खोकत होती, आणि तो खोकला थांबेपर्यंत सगळे हात तसेच जमिनीवर होते.

मग पाटील हळूच म्हणाले, "कोरडं हाय."

चुलीजवळच्या पानातली खीर तोवर गार झाली होती.

तात्पर्य एवढंच, आणि ते लहानांपेक्षा मोठ्यांनी कानात ठेवावं: धोक्याची राखण धोक्याच्या खाली राहूनच करावी लागते. नेमाचं कारण विसरून नुसते त्याचे शब्द जपले, तर त्याची भरपाई जे खाली राहतात तेच करतात.